एसीपी प्रद्युम्न गेले तेव्हा: तिसरीतल्या एका मुलाचं प्रकरण

एप्रिल 2025 मध्ये सीआयडी मालिकेत एसीपी प्रद्युम्न मेले आणि सोलापुरात पूर्व भागातल्या एका घरात तिसरीतलं पोरगं जेवेनासं झालं. प्रकरण म्हटलं तर एवढंच. पण ते जसजसं उलगडत गेलं तसं वाटायला लागलं की हे सगळं नीट लिहून ठेवलं पाहिजे, कारण अशी पोरं अजून कितीतरी घरांत असणार आणि घरच्यांना वाटत असणार की हे नाटकं करालंय, टीव्ही बंद केला की येईल ठिकाणावर.

मी शाळांमध्ये मुलांशी बोलायचं काम करते, समुपदेशन म्हणतात ते. घरच्यांना विचारून, त्यांनी हो म्हटल्यावरच लिहितेय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. मुलाला मी इथं नुसतं मुलगाच म्हणणार आहे.

आधी मालिकेचं सांगते, म्हणजे ज्यांनी पाहिली नाही त्यांनाही अंदाज येईल. सीआयडी 21 जानेवारी 1998 ला सोनीवर सुरू झाली, ऑक्टोबर 2018 मध्ये बंद पडली आणि डिसेंबर 2024 ला परत आली, शनिवार-रविवार रात्री दहा वाजता. शिवाजी साटम पहिल्यापासून एसीपी, सोबत दयानंद शेट्टींचा लाथेनं दारं तोडणारा दया, आदित्य श्रीवास्तवांचा अभिजीत, लॅबमध्ये नरेंद्र गुप्तांचे डॉक्टर साळुंखे. मधली सहा वर्षं नवीन भाग नव्हते तरी मालिका घराघरातून गेली नव्हतीच, टीव्हीवर रिपीट चालू असायचं, युट्यूबवर तर रात्रंदिवस. त्यामुळं 2018 नंतर समज आलेल्या पोरांनाही हे सगळे लोक पाठ आहेत, आणि त्यात साटम मराठी माणूस, बोलण्याचा बाज आपल्याकडचा, मग आपल्या घरातल्याच कुणासारखे वाटतात. एप्रिलच्या सुरुवातीला दाखवलं की बार्बोसा नावाच्या खलनायकानं, तिग्मांशू धुलियांनी केलाय तो, बॉम्बस्फोट घडवला आणि त्यात एसीपी गेले. नुसतं मालिकेत दाखवून थांबले नाहीत. चॅनलनं सोशल मीडियावर फोटो टाकून श्रद्धांजलीची पोस्ट केली, खरा माणूस गेल्यावर करतात तशी, खाली 1998 ते 2025 असं सालही घातलं. मोठी मोठी माणसं हळहळली. चाळिशीतले लोक लिहीत होते की आमचं लहानपण गेलं. मग पार्थ समथान नवीन एसीपी म्हणून आले. आणि पुढं काही काळानं एसीपी प्रद्युम्न परत आले, म्हणजे मेलेच नव्हते. हे परत येणं आपल्या प्रकरणात फार महत्त्वाचं आहे, त्याच्याकडं नंतर येते.

आता घर. अशोक चौकाच्या पुढं, दोन खोल्या, वर पत्रा. एप्रिलमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो त्यामुळं रात्री अकरा-बारापर्यंत कुणाला झोप नसते आणि टीव्ही चालू असतो. घरात आजी, आई, मुलगा, काका-काकू आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी. आई युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात मशीनवर आहे, पीस रेटवर, म्हणजे जेवढे नग शिवेल तेवढेच पैसे. सोलापूरचे शाळेचे युनिफॉर्म कुठं कुठं जातात माहीतच आहे, आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या म्हणजे मार्च-एप्रिल-मे हा सगळा मरणाच्या घाईचा सीझन, त्या दिवसांत ती घरी यायची तेव्हा साडेदहा-अकरा झालेले असायचे. म्हणजे तो भाग लागला तेव्हा मुलाशेजारी आई नव्हती, आजी होती आणि आजी पेंगत होती.

वडील टॉवेलच्या लूमवर जॉबर होते, म्हणजे लूम लावून-दुरुस्त करून चालू ठेवणारे. मे 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत, कोरोनानं गेले. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. वडिलांना दवाखान्यात नेलं ते रिक्षातून, मुलानं दारातून हात हलवला, आणि त्यानंतर त्यानं वडिलांना बघितलंच नाही. तेव्हा कुणाचंच घरी आणत नव्हते, दवाखान्यातून परस्पर स्मशानात, काका आणि अजून एक जण लांब उभे राहिले, बास. घरात दिवस-तेरावं झालं तेही जेमतेम, मुलाला तेवढे दिवस मामाकडं ठेवलेलं. परत आल्यावर त्यानं विचारलं बाबा कुठायत तर आजी म्हणाली गावाला गेलाय. मग थोडा मोठा झाल्यावर देवाघरी. भिंतीवर फोटो लागला, हार लागला, पण "तुझे बाबा वारले" हे वाक्य त्या घरात मुलासमोर कुणीच कधी उच्चारलं नव्हतं. मला हे आईनं सांगितलं तेव्हा तिला स्वतःलाच नवल वाटलं, म्हणाली, "खरंच की ओ मॅडम, आम्ही बोललोच नाही कधी, त्याला कळलं असेल असंच धरून चाललो."

आणि वडिलांचं सीआयडीचं वेड होतं. लूमवरून आले की आंघोळ, जेवण आणि सीआयडी, पोरगं मांडीवर. एसीपींसारखी बोटं फिरवून "कुछ तो गडबड है" म्हणायचे आणि पोरगं उठून दया होऊन स्वयंपाकघराच्या दाराला लाथ घालायचं, त्या दाराची खालची फळी अजून तडकलेली आहे, मी बघितली. मुलाला वडिलांबद्दल फारसं आठवत नाही, चार वर्षांच्या मुलाला किती आठवणार, पण बोटं फिरवणं आठवतं. टीव्हीवर एसीपी बोटं फिरवताना दिसले की त्याला काय दिसत असेल ते वेगळं सांगायला नको.

त्या शनिवारी-रविवारी काय झालं ते आजीच्या तोंडून ऐकलं ते असं: "अगं बाई, टीव्हीतला माणूस मेला म्हणून हे पोरगं जेवना झालंय, बघ की. मी म्हटलं अरे ते खोटं असतंय, तर माझ्याच अंगावर ओरडालंय." पहिल्या रात्री रडला, आई आल्यावर तिला बिलगून झोपला. दुसऱ्या दिवशी काकानं गंमत म्हणून त्याला परत तोच सीन मोबाइलवर लावून दाखवला आणि तो रडायला लागल्यावर व्हिडिओ काढला, आणि स्टेटसला टाकला. वर हसणारे चेहरे. गल्लीतल्या सगळ्यांनी पाहिला, वर्गातल्या एकाच्या आईनंही पाहिला, आणि सोमवारी शाळेत ते पोरगं याला म्हणालं, "तुझा एसीपी मेला बे, रडका." यानं त्याला कंपासपेटीनं मारलं. तिथून हे माझ्याकडं आलं.

काकाबद्दल मला राग आला, खोटं कशाला सांगू. माणूस वाईट नाही, घराचं सगळं तोच बघतो, भाऊ गेल्यावर भावजयीला आणि पोराला अंतर दिलं नाही. पण रडणाऱ्या मुलाचा व्हिडिओ काढून लोकांना दाखवणं ही आपल्याकडं इतकी सर्रास गोष्ट झालीय की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटेनासंच झालंय. मुलाला त्यातून एवढंच कळतं की रडणं म्हणजे हसण्याची गोष्ट. मग ते रडणं थांबतं आणि कंपासपेटी बाहेर येते. मी काकाला भेटून पहिल्यांदा स्टेटस काढायला लावलं आणि ज्यांना पाठवलाय त्यांनाही पुसायला सांग म्हटलं, तोंडावर पडला तो, पण केलं लगेच.

मुलगा सुरुवातीला बोलत नव्हता. मी शाळेत मुलांना बोल म्हणून मागं लागत नाही, रंग आणि कागद पुढं ठेवते आणि आपलं काम करत बसते. यानं कागद घेतला नाही, आपली रफ वही काढली आणि शेवटचं पान उघडून माझ्यापुढं सरकवली. त्यावर पट्टीनं दोन चौकोन आखलेले. वरच्या चौकोनात, चॅनलच्या त्या पोस्टवरून बघून काढलेलं, "एसीपी प्रद्युम्न 1998 - 2025". खालच्या चौकोनात "बाबा", पुढं एक आडवी रेघ, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना काहीच नाही. मी विचारलं इथं काय लिहायचंय, तर म्हणाला, "मला नंबर माहीत नाहीत."

तिथं मला कळलं की हे सीआयडीचं दुखणं नाही. म्हणजे सीआयडीचं आहेच, ते खोटं म्हणून बाजूला टाकता येणार नाही, पण त्या दुःखाच्या आडून दुसरं एक दुःख चार वर्षांनी दार वाजवत होतं.

टीव्हीतल्या माणसाशी आपलं खरंच नातं जुळतं, हे शास्त्रानं केव्हाच मान्य केलंय. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी 1956 मध्येच त्यावर लिहून ठेवलंय, की पडद्यावरचा माणूस आपल्याला ओळखत नसतो पण आपल्याला तो ओळखीचा, घरचा वाटायला लागतो, आणि मनाला ते नातं नात्यासारखंच वाटतं. तसं नातं तुटलं तर लागणारच. आणि केनेथ डोका यांनी 1989 मध्ये मांडलेली एक गोष्ट मला या कामात फार उपयोगी पडते, की काही दुःखं अशी असतात ज्यांना समाज दुःख म्हणून मानतच नाही, त्यासाठी रडायची मुभाच नसते, कुणी भेटायला येत नाही, कुणी खांद्यावर हात ठेवत नाही. या मुलाची दोन्ही दुःखं तसलीच. टीव्हीतल्या माणसासाठी रडला तर लोक हसले, आणि वडिलांसाठी रडायची वेळ आली तेव्हा तो मामाकडं होता.

मुलांना मरण कसं समजतं यावरही जुनं काम आहे. मारिया नॅगी यांनी बुडापेस्टमधल्या मुलांशी बोलून 1948 मध्ये लिहिलं की अगदी लहान, तीन ते पाच वर्षांच्या मुलांना मरण म्हणजे कुठंतरी जाणं किंवा झोपणं वाटतं, तिथून परत येता येतं असं वाटतं. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की साधारण पाच ते सातच्या दरम्यान बहुतेक मुलांना कळायला लागतं की मेलेलं परत येत नाही. आता या मुलाचा हिशोब बघा. वडील गेले तेव्हा वय चार, म्हणजे मरण म्हणजे जाणं, आणि घरच्यांनीही शब्द दिला तो "गावाला गेलाय". पुढं वय वाढलं, बाहेरच्या जगातलं मरण त्याला कळायला लागलं, गल्लीतलं कुत्रं मेलं ते कळलं, शेजारचे आजोबा वारले ते कळलं, पण वडिलांच्या बाबतीतली ती जुनी समजूत कुणी उघडून दुरुस्तच केली नाही, ती तशीच राहिली.

आईला बोलावलं तेव्हा ती सीझन असूनही एका दुपारची पीस सोडून आली, आणि त्या बाईच्या दृष्टीनं एक दुपार म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी तिला सांगितलं की त्याला साध्या शब्दांत सांगायला पाहिजे, वारले, मेले, श्वास थांबला, शरीराचं काम थांबलं, परत येणार नाहीत. देवाघरी म्हणू नका असं मी म्हणत नाही, तुमची श्रद्धा आहे ती ठेवा, पण आधी हे सांगा आणि मग ते सांगा. ती म्हणाली, "माझ्या तोंडातून शब्द यायचा नाही ओ." मग थोड्या वेळानं तिनंच विचारलं, दाखला दाखवला तर चालेल का.

मृत्यूचा दाखला. सरकारच्या बालसंगोपन योजनेचे महिना 2250 रुपये त्याच्या नावावर मिळतात, त्यासाठी ती दर वेळी त्या दाखल्याची झेरॉक्स काढते, मूळ दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटात साड्यांच्या खाली. चार वर्षं तो कागद त्या घरात होता आणि मुलानं कधी पाहिलेला नव्हता. मी म्हटलं दाखवा, पण घाईत नाही, रविवारी सकाळी, आजी-काका सगळे असताना, आणि तो विचारेल ते सगळं विचारू द्या. मी असावं असा आजीचा आग्रह पडला म्हणून गेले.

तिसरीतलं पोरगं, अक्षर अक्षर लावून वाचतंय. आधी वडिलांचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं. मग मृत्यू दिनांक वाचला, 2021 वर बोट ठेवलं. मग खाली दाखल्यात मृताच्या आईचं नाव असतं, तिथं आला आणि एकदम मान वर करून म्हणाला, "आजी, तुझं नाव हाय की इथं!" आणि आजी, जी चार वर्षं फोटोला हार घालून कामाला लागायची, सगळ्यांना धीर देत आलेली, ती मोडून पडली. पदर तोंडात घालून रडली. मुलगा घाबरला आधी, मग तिच्याजवळ जाऊन बसला. मी काही बोलले नाही आणि आईला, काकालाही गप्प बसायची खूण केली, कारण त्या घरात एवढं मोकळं रडणं पहिल्यांदाच होत होतं आणि ते मुलासमोर होत होतं, त्याला दिसत होतं की बाबांसाठी रडायचं असतं आणि मोठी माणसंही रडतात. त्या आजीचा लेक गेला होता. आम्ही सगळे पोराकडं बघत होतो आणि तिच्याकडं कुणीच बघितलं नव्हतं.

त्यानंतर मुलानं विचारलेले प्रश्न आईनं लिहून ठेवलेत. बाबांना दुखलं का. तिथं त्यांच्याजवळ कोण होतं. जाळलं म्हणजे भाजलं का. मला का नाही नेलं. माझ्यामुळं झालं का. हा शेवटचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मुलाच्या मनात असतो, विचारलेला असो नसो, आणि त्याला उत्तर स्पष्ट द्यावं लागतं, की नाही राजा, तुझ्यामुळं नाही, आजारामुळं झालं. आईनं दिलं. जाळण्याचं काकानं सांगितलं, की माणूस मेल्यावर शरीराला काही जाणवत नाही, भाजत नाही, मी तिथं होतो, लांबून नमस्कार केला. काकाचाही आवाज तेव्हा धड नव्हता.

जेवण सुरू झालं, झोप लागायला लागली, परीक्षा झाली. इथंच संपलं असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं.

मग एसीपी परत आले.

मुलगा मला येऊन म्हणाला, चेहरा असा उजळलेला, "मॅडम, एसीपी जिवंत हायत." मी म्हटलं हो, बघितलं मी. तर म्हणाला, "सगळ्यांनी सांगितलं होतं मेले म्हणून. फोटो पण टाकला होता, नंबर पण टाकले होते." हो, म्हटलं. मग थोडं थांबून, माझ्याकडं न बघता, "मग दाखल्यावर पण चुकलं असेल."

बघा, पोराचं लॉजिक कुठंही चुकत नाही. मोठ्या माणसांनी सांगितलं मेले, लिहून दिलं, साल घातलं, सगळे रडले, आणि माणूस परत आला. एकाच्या बाबतीत झालं तर दुसऱ्याच्या बाबतीत का नाही, आणि त्यात त्याच्या बाबांना मेलेलं कुणी पाहिलेलंही नाही. मालिकेत मेलेलं पात्र परत आणणं ही जुनी रीत आहे, कथा लिहिणाऱ्यांना ती मुभा आहे आणि प्रेक्षक म्हणून मलाही साटम परत दिसले याचा आनंदच झाला. पण श्रद्धांजली ही खऱ्या मरणाची भाषा आहे. ती गोष्टीतल्या मरणाला वापरली की मोठ्यांना फरक कळतो, आणि ज्या मुलाच्या घरात खरं मरण नीट सांगितलेलं नाही त्याला तो कळत नाही. त्याच्या हातात नको ती आशा पडते.

याच्या नेमकं उलट उदाहरण अमेरिकेतलं आहे. सेसमी स्ट्रीट या लहान मुलांच्या कार्यक्रमात मिस्टर हूपर नावाचे दुकानदार होते, ते काम करणारे विल ली डिसेंबर 1982 मध्ये वारले. त्यांच्या जागी दुसरा माणूस आणता आला असता, किंवा दुकान सोडून गेले म्हणता आलं असतं. त्यांनी मुलांच्या मानसतज्ज्ञांना विचारलं आणि नोव्हेंबर 1983 मध्ये एक भाग केला, त्यात तो मोठा पिवळा पक्षी, बिग बर्ड, सगळ्यांची चित्रं काढून आणतो, हूपरांचंही आणतो, आणि विचारतो ते कधी येणार. तिथली मोठी माणसं त्याला सांगतात की ते मेले, आणि माणूस मेला की परत येत नाही. बास. त्यांचे स्वतःचे डोळे भरलेले, पण शब्द सरळ. टीव्हीवरून मरण किती चांगलं सांगता येतं ते यात दिसतं.

आपल्या मुलाकडं परत येते. त्याला "नाही, दाखला बरोबर आहे" एवढं म्हणून भागलं नसतं, दाखल्यावरचा विश्वासच उडाला होता ना. मग मी त्याला फ्रेडीबद्दल विचारलं. सीआयडीतला इन्स्पेक्टर फ्रेडरिक्स, सगळ्यांचा लाडका, त्यांचं काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर 2023 मध्ये वारले. मुलगा युट्यूबवर जुने भाग बघतो त्यात फ्रेडी रोज दिसतात, हसवतात.

"नवीन सीआयडीत फ्रेडी का नाहीत रे?"

"ते मेलेत."

"मग एसीपींसारखे परत येतील की."

मान हलवली. "नाही येणार. ते अ‍ॅक्टर स्वतःच मेलेत."

"आणि एसीपी?"

"ते गोष्टीत मेले होते. साटम घरीच होते."

मग बराच वेळ बूट जमिनीवर घासत बसला. मी घड्याळाकडं बघितलं नाही, अशा वेळी मुलांना घाई केली की हातचं जातं. शेवटी तोच म्हणाला, "बाबा फ्रेडीसारखे." मी म्हटलं, हो राजा. म्हणाला, "जुन्यात दिसतात. नवीन येत नाही." हो. मग रडला, आणि हे रडणं आधीच्यापेक्षा वेगळं होतं, थकून रडतात ना तसं. पाणी प्याला, तोंड धुतलं, वर्गात गेला.

"जुन्यात दिसतात" हे त्याचं वाक्य मी आईला सांगितलं तर तिला एकदम आठवलं की नवऱ्याचा जुना मोबाइल ट्रंकेत पडलाय, चालू होत नाही. नवी पेठेतल्या एका दुकानात नेला, बॅटरी बदलली, आणि त्यात वडिलांचे थोडे व्हिडिओ निघाले. एकात गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, पाळण्यापाशी पोरगं खांद्यावर. एक लूमवरचा, आवाजात काहीच ऐकू येत नाही. आणि एकात स्वयंपाकघराचं दार, वडिलांचा आवाज "दया", आणि तीन वर्षांचं पोरगं लाथ घालून स्वतःच पडतंय. आईनं आधी एकटीनं बघितले, मी तसंच सांगितलं होतं, कारण तिलाही ते पहिल्यांदा सोसायचं होतं. मग मुलाला दाखवले. तो व्हिडिओ आता त्याला हवा तेव्हा बघू देतात, लपवून ठेवत नाहीत आणि उठसूट लावूनही देत नाहीत.

मे महिन्यातल्या श्राद्धाला त्याला यंदा मामाकडं पाठवलं नाही. काय काय करतात ते काकानं आदल्या दिवशी समजावून सांगितलं, पानात काय वाढायचं हे त्याला विचारलं, त्यानं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी सांगितली कारण बाबांना आवडायची असं आजी म्हणते. पिंडाला कावळा शिवेपर्यंत काकाबरोबर पत्र्यावर बसून राहिला, एवढ्या उन्हात. आणि त्या रफ वहीतल्या खालच्या चौकोनात त्यानं दोन्ही साल लिहिले, जन्माचं आईला विचारून.

आजीशी मी अजून बोलते. तिचं दुःख जास्त अवघड आहे, ती "माझं काय आता, पोराचं बघा" म्हणून विषय बदलते. पण दुपारी शेजारणीत बसली की आता लेकाचं नाव काढते असं सून सांगते, आधी काढत नव्हती.

आता कुठं आहे हे प्रकरण. मुलगा चौथीत गेलाय, मारामारी परत झाली नाही, ज्याला मारलं होतं त्याच्याबरोबरच डबा खातो. वर्गशिक्षिकेला मी घरचं सगळं सांगून ठेवलंय, म्हणजे वर्गात "वडिलांना घेऊन या" असं सहज निघणार नाही. रात्री कधीतरी दचकून उठतो, ते अजून आहे. सीआयडी बंद करावी का असं आईनं विचारलं होतं, मी नाही म्हटलं, बापाची आठवण आहे ती, ती काढून घेऊन काय मिळणार. फक्त एकट्यानं बघू देऊ नका, आणि कुणी मेलं की लगेच, तिथल्या तिथं बोला, हे गोष्टीतलं की खरं. ऑफ सीझनला आई साडेआठला घरी असते त्यामुळं ती बसते. स्फोटाचा तो भाग मात्र त्यानं परत बघितलेला नाही, नको म्हणतो, आणि नको तर नको. पुढच्या एप्रिलला युनिफॉर्मचा सीझन आला की तिचा ओव्हरटाइम परत सुरू होणार आणि रात्री दहाला आजीला झोप आवरत नाही. काका म्हणालाय मी बसतो. मी त्याला म्हटलं, मोबाइल चार्जिंगला लावून बस, तर हो म्हणाला.